जवानाचे मन आणि मुका सोबती

सैन्यात किंवा पोलीस दलात असलेला मुलगा सुट्टीवर घरी आला की काय घडते, हे आपल्या मराठवाड्यातील घरांना वेगळे सांगायला नको. अम्मी दोन दिवस आधीपासून चुलीपुढे असते. पाहुणे येतात, शेजारी येतात, "कसं आहे तिकडं?" म्हणून विचारतात. मुलगा "सगळं ठीक आहे" एवढेच म्हणतो. नंतर कधीतरी तो हळूच उठतो, मागच्या दाराने बाहेर पडतो आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभा राहतो. घरच्यांना वाईट वाटते. इतक्या महिन्यांनी आला आणि माणसांत बसायचे सोडून जनावरांत रमतो, अशी कुजबुज होते.

त्याला तिथे उभे राहू द्यावे, असे आम्ही म्हणतो. शेळीजवळ तो जे शोधत असतो, तेच आज जगातील अनेक लष्करी रुग्णालये कुत्रा, घोडा यांच्या मदतीने जवानांना ठरवून देत आहेत. या उपायामागे काय आहे, तो कुठवर चालतो, आपल्या दीनच्या चौकटीत तो कसा बसतो आणि आपल्या घरात त्याचा काय उपयोग, हे या लेखात पाहू.

प्रश्न आपल्या दाराशी आहे

नांदेड आणि लातूर हे सीमेपासून फार दूर असलेले जिल्हे. तरी खाकी आणि हिरव्या वर्दीशी आपले नाते जवळचे आहे. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. लातूरला याच दलाचे नव्या जवानांसाठी प्रशिक्षण केंद्र आहे. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातील तरुण इथे येऊन घडतात आणि आपल्या गावांतील तरुण भरती होऊन काश्मीर, छत्तीसगड, ईशान्य भारत असे कुठे कुठे जातात. कोरडवाहू शेतीच्या या भागात सरकारी वर्दी म्हणजे घराचा आधार. त्यामुळे त्या वर्दीतील माणसाला रात्री झोप लागत नाही, हे बोलायला कोणी धजत नाही.

मनाला घाव फक्त लढाईतच बसतात असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी दिवसेंदिवस ढिगारे उपसले. हाताने मृतदेह बाहेर काढणारा तो जवानही विशीतला पोरगाच होता. हजारो माणसांबरोबर हजारो गुरेही त्या रात्री गाडली गेली. वाचलेल्या शेतकऱ्याने घरातल्या माणसांसाठी जसा आक्रोश केला तसाच दावणीच्या बैलासाठीही केला, हे लातूर आणि धाराशिवच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. माणूस आणि जनावर यांच्यातील धागा किती घट्ट असतो, हे आपल्या भागाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आकडे मात्र नीट पाहायला हवेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२० ते २०२४ या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र दलांतील ७३० जणांनी आत्महत्या केल्या. मंत्रालयाच्या कार्यगटाच्या पाहणीत असे दिसले की यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक घटना जवान सुट्टीवरून ड्युटीवर परतल्यानंतर घडल्या. घरातील मृत्यू, नवरा-बायकोतील बेबनाव, पैशांची अडचण, मुलांच्या शिक्षणाची चिंता अशी कारणे त्यात पुढे आली. याचा अर्थ घरच्यांचा दोष असा घेऊ नये. पण सुट्टीचे ते काही दिवस किती मोलाचे असतात, एवढे यातून नक्की कळते.

एका छोट्या कुत्रीपासून

जनावरांच्या सोबतीने आजारी माणसाला बरे वाटते, ही समज जुनी आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच लिहून ठेवले की दीर्घ आजाराच्या माणसाला एखादा छोटा पाळीव प्राणी चांगली सोबत करतो.

दुसऱ्या महायुद्धातील 'स्मोकी'ची हकीकत प्रसिद्ध आहे. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकी सैनिकांना एका खड्ड्यात यॉर्कशायर टेरियर जातीची कुत्री सापडली. वजन जेमतेम दोन किलो. बिल विन नावाच्या सैनिकाने ती पाळली. पुढे डेंग्यूने आजारी पडून विन रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा मित्रांनी स्मोकीला त्याला भेटायला आणले. शेजारच्या खाटांवरील जखमींचे चेहरे तिला पाहून खुललेले परिचारिकांनी पाहिले आणि त्या तिला वॉर्डभर फिरवू लागल्या. कोणी योजना आखली नव्हती, कोणी आदेश काढला नव्हता.

आदेश निघायला साठ वर्षे लागली. २००७ च्या अखेरीस अमेरिकी लष्कराने 'बो' आणि 'बज' ही दोन काळी लॅब्राडोर कुत्री इराकमधील आपल्या मानसिक ताण निवारण पथकाबरोबर पाठवली. बॉम्ब शोधणे हे त्यांचे काम नव्हते. छावणीत फिरायचे, जवानांजवळ बसायचे, एवढेच काम. डॉक्टरच्या तंबूत जायला लाजणारा जवान कुत्र्याला थोपटायला मात्र थांबायचा आणि थोपटता थोपटता शेजारी बसलेल्या समुपदेशकाशी दोन शब्द बोलून जायचा. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. मानसिक आघाताने त्रस्त असलेल्या माजी सैनिकांनी कुत्र्यांना प्रशिक्षण द्यायचे आणि त्यातून स्वतः सावरायचे, असा पाच वर्षांचा उपक्रम त्याने सुरू केला. इथे सैनिक फक्त सेवा घेणारा राहत नाही. एका जिवाला शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे आपल्याला तो उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्रातही ही वाट नवी राहिलेली नाही. मुंबईतील 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था आणि तिच्या संस्थापक मीनल कविश्वर यांनी प्राण्यांच्या साहाय्याने मानसोपचार हा विषय आपल्याकडे रुजवला. विशेष गरजा असलेली मुले, रुग्ण, ताणाखालील माणसे यांच्यासाठी त्यांचे प्रशिक्षित कुत्रे काम करतात.

मुके जनावर करते तरी काय?

यात जादू नाही. शरीरात घडणाऱ्या काही साध्या गोष्टी आहेत.

ताणाखाली असलेल्या माणसाच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढलेले असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २०१९ मध्ये २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. केवळ दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळलेल्या विद्यार्थ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल कमी झालेले आढळले. दुरून पाहणाऱ्यांना किंवा चित्रे बघणाऱ्यांना तेवढा लाभ झाला नाही. म्हणजे स्पर्शाला महत्त्व आहे. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे पाहत राहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्या मायेत याच द्रव्याचा वाटा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जनावर प्रश्न विचारत नाही. "तिथे गोळीबार झाला का? तू कोणाला मारलेस का?" असे पोरासोरांचे प्रश्न जवानाला नको असतात. गायीला त्याचा हुद्दा माहीत नसतो, पगार माहीत नसतो. तो रडला तर ती कोणाला सांगत नाही.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. मन खचलेल्या माणसाला सकाळ उजाडली तरी उठावेसे वाटत नाही. पण दावणीचे जनावर वैरणीसाठी हंबरू लागले की उठावेच लागते. कोणाला तरी आपली गरज आहे, ही जाणीव औषधाच्या गोळीत मिळत नाही.

घोड्याची गोष्ट आणखी वेगळी. घोडा स्वभावाने सावध प्राणी आहे. जवळ येणाऱ्या माणसाच्या अंगातील ताण तो चटकन ओळखतो. माणूस चिडलेला असेल तर कान मागे पाडतो, दूर सरकतो. त्याला जवळ करायचे तर आधी आपला श्वास शांत करावा लागतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी ६३ माजी सैनिकांना आठ आठवडे घोड्यांसोबत असे उपचार दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक सैनिकांच्या त्रासात ठळक उतार दिसला. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा पहिला टप्पाच मानावा लागतो. तरी दिशा आशेची आहे.

बशीर आणि मानसी

आपल्या देशात कुत्रा सैन्यात असतो तो मुख्यतः कामासाठी: स्फोटके हुंगायला, माग काढायला, पहाऱ्याला. लष्कराच्या कुत्र्यांना मेरठ येथे, तर सीमा सुरक्षा दलाच्या कुत्र्यांना ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे प्रशिक्षण मिळते. पण कामाच्या या नात्यातूनही एक वेगळाच आधार उभा राहतो.

काश्मीरमधील तंगधार भागात ऑगस्ट २०१५ मध्ये घुसखोरांशी चकमक झाली. प्रादेशिक सेनेचे जवान बशीर अहमद वार आणि त्यांची लॅब्राडोर 'मानसी' दोघेही पुढे होते. दोघेही तिथेच कामी आले. मानसीच्या शौर्याची लष्कराने पुढे अधिकृत नोंद घेतली. एका काश्मिरी मुसलमान जवानाने आपल्या कुत्रीवर आणि कुत्रीने त्याच्यावर किती विश्वास टाकला होता, हे यावरून कळते. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत 'केंट' या लॅब्राडोर कुत्रीने आपल्या हँडलरला वाचवताना जीव दिला.

आणि मराठवाड्यातील आठवण म्हणजे बीड पोलिसांचा 'रॉकी'. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली होती. २०२० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली आणि प्रधानमंत्र्यांनी ३० ऑगस्टच्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. दिवसरात्र ज्याच्यासोबत घालवली त्या जिवासाठी कणखर पोलीसही रडतो. त्या रडण्याची कोणी थट्टा करू नये. ते दुःख खरे असते.

दीन काय सांगतो?

इथे आपल्या वाचकांच्या मनात प्रश्न येणारच: कुत्र्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

शौक म्हणून घरात कुत्रा ठेवण्याबाबत हदीसमध्ये स्पष्ट नापसंती आहे. शिकार, गुरांची राखण आणि शेतीचा पहारा यांसाठी मात्र कुत्रा ठेवण्याची मुभा आहे. पवित्र कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. जुमाच्या दिवशी आपण सूरह कहफ पढतो, त्यात गुहेतील तरुणांसोबत उंबऱ्याशी पंजे पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख येतो. विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस तर लहान मुलांनाही ठाऊक असते.

पाकीच्या बाबतीत फिकहच्या शाखांमध्ये फरक आहे. आपल्या मराठवाड्यात बहुतेक लोक हनफी आहेत. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण त्याचे कोरडे अंग कपड्याला लागल्याने कपडा नापाक होत नाही. कोकणातील शाफई बांधवांचे नियम याहून काटेकोर आहेत. तपशील आपापल्या आलिमांना विचारावा. एवढे मात्र आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते की आपला मुलगा दलात डॉग हँडलर असेल तर घरच्यांनी नाक मुरडू नये. तो कर्तव्य करतो आहे. हातपाय धुणे, नमाजचे कपडे वेगळे ठेवणे या गोष्टी तो सहज सांभाळू शकतो. त्याच्या कामाची किळस दाखवली तर तो जे थोडेफार बोलत होता तेही बंद होईल.

आणि जनावरांची सोबत म्हणजे फक्त कुत्रा नव्हे. मांजर नापाक नाही, ती घरात आपल्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे हे नावच मांजराच्या पिल्लावरून पडले. घोड्याच्या आयाळीत कयामतपर्यंत भलाई बांधलेली आहे, असेही हदीसमध्ये येते.

यापेक्षाही आमच्या विषयाशी जवळच्या दोन घटना आहेत. एका अन्सारी सहाबीच्या बागेत एक उंट होता. प्रेषितांना पाहताच तो कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी त्याच्या कानामागे हात फिरवला, तसा तो शांत झाला. मग त्यांनी मालकाला बोलावून समज दिली की तू याला उपाशी ठेवतोस आणि थकवतोस. दुसरी घटना अबू उमैर या लहान मुलाची. त्याचा पाळलेला छोटा पक्षी मेला होता आणि मूल हिरमुसले होते. प्रेषितांनी त्या मुलाजवळ जाऊन लाडाने पक्ष्याची विचारपूस केली. पक्ष्यासाठी काय रडतोस, असे ते म्हणाले नाहीत. स्पर्शाने दुःख शांत होते आणि जनावरासाठी झालेले दुःखही मान देण्याजोगे असते, या दोन्ही गोष्टी आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी शिकवल्या गेल्या आहेत.

आपल्या अंगणात काय आहे?

परदेशातल्यासारखी प्रशिक्षित कुत्री किंवा घोड्यांची केंद्रे गावोगावी मिळणार नाहीत. पण आपला भाग जनावरांच्या बाबतीत गरीब नाही. लातूर जिल्ह्यातील देवणी गावाच्या नावाची देवणी गाय आणि नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाची लाल कंधारी, या दोन्ही जाती देशभर ओळखल्या जातात. उस्मानाबादी शेळी घरोघरी आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार भरतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील घोडे मिरवणुकीत पाहायला सर्वधर्मीय गर्दी करतात. लातूर भागात कारवानी आणि पश्मी कुत्रे आहेत. त्यांच्या नावांतच कारवाँ आणि पश्म हे आपल्या ओळखीचे शब्द आहेत. मात्र हे कुत्रे शिकारी बाण्याचे असतात. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्यांना खपत नाही. प्रत्येक जनावर या कामाचे नसते, हे यावरून कळावे. सोबतीला हवे ते शांत, माणसाळलेले, आवाजाला न दचकणारे जनावर.

सुट्टीवर आलेल्या जवानाच्या घरी काय करता येईल?

पहिले म्हणजे त्याला काम द्या, पण आग्रहाने नको. "सकाळची वैरण तू टाकशील का?" एवढे विचारावे. शेळीला पाला घालणे, गाय धुणे, घोडा असेल तर खरारा करणे, कोंबड्यांचे खुराडे संध्याकाळी बंद करणे अशी रोज ठरावीक वेळेची कामे चांगली. तो गोठ्यात असताना मागोमाग जाऊन गप्पांचा मारा करू नये. घरातील एखादा जण शेजारी काम करत राहिला तर पुरे. दोघांचे हात कामात असले की मनातले बोलणे आपोआप निघते. समोरासमोर बसवून विचारले तर निघत नाही.

दुसरे, लहान मुलांना त्याच्यासोबत असू द्या. करडाला बाटलीने दूध पाजताना मामू किंवा चाचू आणि पोरे एकत्र आली की घरात हसण्याचा आवाज येतो.

तिसरी गोष्ट नाजूक आहे आणि ती फक्त आपल्याच घरांत येते. ज्या बोकडाशी जवानाचे मन जडले आहे, तो बकरी ईदच्या कुर्बानीसाठी पाळलेला असेल तर? प्रिय जनावराची कुर्बानी देण्यात मोठा अर्थ आहे. पण मनाने आजारी असलेल्या माणसाला या सोबतीतून सावरायचे असेल, तर आधीच ठरवून त्याच्याकडे दुधाची शेळी सोपवावी आणि कुर्बानीचा बोकड वेगळा ठेवावा. तो ड्युटीवर असताना त्याचे आवडते जनावर त्याला न विचारता विकूही नये. पैशांची अडचण असेल तर आधी त्याला सांगावे.

स्वच्छतेकडेही लक्ष हवे. कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस आणि सर्वांना जंताचे औषध वेळेवर द्यावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, घरगुती लेप लावू नये. घरात गरोदर स्त्री असेल तर मांजराची घाण तिने काढू नये. जनावरांबाबत सल्ला हवा असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

जनावर डॉक्टर नव्हे

इतके सांगितल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जनावराची सोबत हा आधार आहे, उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही. अमेरिकेतही कुत्रा दिला म्हणून औषध आणि समुपदेशन बंद करत नाहीत.

पुढील लक्षणे काही आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे जावेच: झोप न लागणे किंवा भयाण स्वप्नांनी दचकून उठणे, फटाक्याच्या किंवा दार आपटल्याच्या आवाजाने घाबरेघुबरे होणे, क्षुल्लक गोष्टीवरून भडकणे, माणसांना टाळणे, नशा सुरू होणे, आपण घराला ओझे झालो आहोत असे बोलणे. मरणाची भाषा तोंडी आली तर वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये, शस्त्र किंवा विषारी औषध हाताशी राहू देऊ नये आणि लगेच मदत घ्यावी. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे प्रेमाने सरळ विचारण्याने तो विचार वाढत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहेत. सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. तिथे मराठीतही बोलता येते. सैन्यदलातील जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तर या सेवेचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. फोन जवानानेच करावा असे नाही. आई, पत्नी, भाऊ कोणीही करू शकतो.

काही घरांत आधी झाडफूक होते आणि डॉक्टर शेवटी येतो. दुआ जरूर करावी, ती मोमिनाचा आधार आहे. पण आजार दिला तसे त्यावर औषधही अल्लाहने दिले आहे, म्हणून उपचार करा, ही प्रेषितांची शिकवण आहे. मनाचा आजारही आजारच. तो ईमानच्या कमजोरीची खूण समजून जवानाला लाज आणू नये.

जनावराचाही हक्क

शेवटचा मुद्दा त्या मुक्या जिवाचा. आपल्याला आधार देणारे जनावरही थकते. आपल्या लष्करात कामातून निवृत्त झालेल्या कुत्र्यांना पूर्वी वेदनारहित मृत्यू दिला जात असे. २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून ही गोष्ट उघड झाली, लोकांनी आवाज उठवला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि धोरण बदलले. आता निवृत्त कुत्र्यांना सांभाळण्याची, दत्तक देण्याची सोय होते. ज्याने आयुष्यभर साथ दिली त्याला म्हातारपणी टाकून देणे हा जुलूम आहे, मग तो लष्कराचा कुत्रा असो की आपल्या दावणीचा बैल. दुखऱ्या माणसाचा राग जनावरावर निघत असेल, तो त्याला मारत असेल, तर जनावर ताबडतोब दूर करावे आणि ती त्याच्या आजाराची खूण समजून डॉक्टरांना सांगावी.

मुदखेड, चाकूर, लातूर इथे वर्दीतील माणसे आहेत. उदगीरला जनावरांचे डॉक्टर आहेत. नांदेड-लातूरला मनाचे डॉक्टर आहेत. या तिघांनी एका मेजाभोवती बसून आपल्या भागाला साजेसा, शेळी-गाय-घोड्यांचा एखादा उपक्रम उभा करावा, अशी आमची सूचना आहे. खर्च फार लागणार नाही. आपल्यातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी, खास करून मानसशास्त्र आणि पशुवैद्यक शिकणाऱ्यांनी, याकडे सेवेचे आणि रोजगाराचेही क्षेत्र म्हणून पाहावे.

तोवर घरातल्या घरात एक गोष्ट प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. सुट्टी संपवून तो परत गेला की फोनवर फक्त हप्ते, भांडणे आणि "पैसे कधी पाठवतोस" एवढेच बोलू नका. परतल्यानंतरचेच दिवस सर्वांत अवघड असतात, हे वरचे आकडे सांगतात. त्याला सांगा की शेळी व्याली, दोन करडे झाली, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, नाव तूच ठेव. हजार मैलांवर बर्फात उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या सुट्टीची वाट पाहायला एवढे कारण पुष्कळ होते.